केडगावच्या पंडिता रमाबाई

(द्वितीय वर्ष, कला)

पंडिता रमाबाईंचे नाव शालेय पुस्तकात आपण सर्वांनीच वाचलेले असते. आर्य महिला समाज, शारदा सदन, मुक्ती सदन ही तीन नावे पाठ केली, त्यांच्यापुढे सने लिहिली, की दोन गुण पदरात पडतात. मीही त्यांना तेवढेच ओळखत होते. गेल्या वर्षी स्पर्धा परीक्षेच्या एका टिपणवहीत ‘बातमी सदन’ असे आणखी एक नाव आढळले. पुढे कंसात ‘अंधांसाठी’ असे लिहिले होते. अंधांना बातमीचे सदन कशाला, हे मला काही उमगेना. तेथे वर्तमानपत्र वाचून दाखवीत असावेत असा अर्थ मी लावला आणि तो वर्गात सांगून सर्वांची करमणूकही केली. पुढे ग्रंथालयात बसून शोध घेतला, तेव्हा कळले की मूळ नाव ‘बार्तमी सदन’. बायबलमध्ये बार्तीमय नावाचा एक आंधळा भिकारी येतो, त्याच्यावरून ते ठेवलेले. छापताना रफार गळाला आणि आंधळ्याची बातमी झाली. त्या गळलेल्या रफाराच्या मागे लागून मी रमाबाईंचे चरित्र वाचत गेले आणि आमच्या वर्गात कोणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट हाती आली. ज्या बाईंनी आंधळ्या, म्हाताऱ्या, टाकलेल्या शेकडो बायामुलींचे गाव उभारले, त्या स्वतः बहिऱ्या होत चालल्या होत्या.

ही गोष्ट मला इतकी का लागली, ते आधी सांगायला हवे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा रापणीवर जातात, आई काजूच्या कारखान्यात बिया फोडते. घरात आणखी एक माणूस आहे, ती माझी आते. लहानपणी ताप आला आणि तिचे दोन्ही कान गेले, असे आजी सांगायची. ऐकू येईना म्हणून बोलणेही राहिले. शाळेत घालायला नेली तेव्हा हिला बसवून काय उपयोग, असे तेथल्या एका गुरुजींनी सांगितले म्हणे, आणि आजीने तिला घरी परत आणली. त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. आतेने घरातले सगळे काम केले, आम्हा भावंडांना वाढवले; पण वाडीत तिला तिच्या नावाने हाक मारणारे कोणी नव्हते. हाक तिला ऐकू जाणार नव्हती हे खरे, पण नाव हे काही ऐकणाऱ्यासाठीच नसते.

असो. आता रमाबाईंकडे वळू.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि त्याहून मोठे हट्टी गृहस्थ. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असे सर्व जग म्हणत असताना त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यावरून वाद झाले, तेव्हा घर सोडून ते रानात राहायला गेले. लक्ष्मीबाईंनी पुढे धाकट्या रमेला शिकवले. रमाबाई अगदी लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि मग ती यात्रा संपलीच नाही. देवळाच्या आवारात पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर पोट भरायचे, पुढच्या गावी चालू लागायचे. रमाबाईंना शाळा म्हणून ठाऊक नव्हती. हजारो श्लोक मात्र मुखोद्गत होते.

दक्षिणेत १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला आणि या कुटुंबाची दुर्दशा झाली. मजुरी करण्याची सवय नाही, भीक मागण्याची लाज. थोड्याच काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई. पोटात अन्न नसले म्हणजे माणसाचे काय होते, हे रमाबाईंनी सोळाव्या वर्षी आपल्याच माणसांत पाहिले. हा भाग चरित्रग्रंथांत दोन-तीन पानांत संपतो, पण माझ्या मते त्यांच्या पुढच्या सर्व कार्याची मुळी येथे आहे.

पुढे बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एका रात्रीत प्रसिद्धी मिळाली. पण सुख फार दिवस टिकणारे नव्हतेच. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, त्यामुळे दोन्हीकडचे लोक रागावले. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. लग्नाला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, सासर नाही, माहेर तर केव्हाच संपलेले.

अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. त्या साक्षीत स्त्रीशिक्षिकांबरोबरच स्त्री डॉक्टरांची मागणी होती. पुरुष डॉक्टरापुढे दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्यांनी गावोगाव पाहिल्या होत्या. मग आपणच डॉक्टर का होऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या.

येथे नियतीने घाव घातला, आणि तोही नेमका कानावर. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते. वैद्यकीच्या वर्गातील व्याख्याने ऐकू येणार नाहीत, रोग्याच्या छातीला नळी लावली तर ठोके कळणार नाहीत, तेव्हा डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. ज्या विद्येसाठी समुद्र ओलांडला तिचे दार उघडण्यापूर्वीच बंद झाले. शाळेत रमाबाईंविषयी शिकवताना ही हकीगत कोणी सांगत नाही. सांगितली तर बरे होईल, कारण आपल्या वर्गातही मागच्या बाकावर बसून अर्धेच ऐकणारी मुले असतात.

त्या परत फिरल्या नाहीत. वाँटेज येथील भगिनी-मठात राहिल्या, चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकल्या आणि तेथे संस्कृत शिकवू लागल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रात या बातमीने केवढे वादळ उठले, ते ठाऊकच आहे. जोतीराव फुल्यांसारखे थोडे लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या वादात मी शिरत नाही. एवढेच म्हणते की धर्म बदलल्यानंतरही त्या सर्वांचे सर्व ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हत्या. इंग्लंडातील आपल्या वडीलधाऱ्या मार्गदर्शकांशीही धर्मतत्त्वांवरून त्यांनी पत्रांतून सडेतोड वाद घातला. अनंतशास्त्र्यांचा हट्ट मुलीत पुरता उतरला होता.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. मला हा प्रसंग फार हृद्य वाटतो. जी पदवी आपल्याला कानांमुळे मिळाली नाही ती आपल्यातलीच दुसरी घेते आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. अमेरिकेत त्या जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, बालवाडीचे शिक्षण घेतले, व्याख्याने देत देशभर फिरल्या. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी पुस्तकातून आलेला पैसा आणि बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांसाठी दिलेले मदतीचे वचन, एवढ्या शिदोरीवर त्या १८८९ मध्ये मुंबईत उतरल्या. तिथल्या समाजाचे वर्णन करणारे त्यांचे मराठी प्रवासवृत्तही त्याच वर्षी निघाले. धर्मादाय संस्था कशा चालतात याकडे त्यांचे त्यात बारीक लक्ष आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी आपल्या कोकणातली, देवरुखची. तिचे नाव गोदूबाई जोशी. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई, म्हणजे सर्वांची बाया कर्वे झाली. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात तिने आपली हकीगत लिहिली आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी आपल्या ग्रंथालयात जरूर विचारावे. शारदा सदन १८९० मध्ये पुण्यास गेले. मुली प्रार्थनेस बसतात यावरून १८९३ मध्ये रान उठले, केसरीने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. येथे दोष सर्वस्वी एका बाजूचा होता असे मला वाटत नाही. विधवांना आसरा देणारी दुसरी जागा तेव्हा जवळजवळ नव्हतीच, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यायला हवे होते. आणि असहाय मुलींवर आपल्या श्रद्धेचे वजन किती पडते, याचा विचार रमाबाईंनीही अधिक करायला हवा होता.

यापुढचा भाग सविस्तर सांगायचा आहे.

बोस्टनच्या मदतीची दहा वर्षे संपली की संस्थेने स्वतःच्या पायावर उभे राहावे, या हेतूने रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेतली होती. केडगाव पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, पुण्यापासून साधारण पंचावन्न किलोमीटरवर आहे. उजाड माळ, पाऊस कमी. आपल्यासारख्या चार महिने कोसळत्या पावसात राहणाऱ्यांना तेथल्या उन्हाळ्याची कल्पना येणार नाही. तेथे विहिरी खोदून फळझाडे लावायची आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत होता.

तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील मदत-छावण्यांची वर्णने ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. आई-वडील मेलेल्या, विकल्या जाण्याच्या बेतात असलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या. त्यांना त्यांत स्वतःची सोळा वर्षांची मूर्ती दिसली असणार. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, शहरात एवढी माणसे ठेवता येईनात. तेव्हा सगळ्यांना केडगावच्या माळावर नेले. आधी तंबू आणि झोपड्या, मग भिंती. १८९८ मध्ये या वसाहतीला मुक्ती हे नाव मिळाले. त्यानंतर १८९९-१९०० चा, गुजरातेत छपन्निया म्हणून लक्षात राहिलेला दुष्काळ आला आणि तिकडूनही मुलींचे तांडेच्या तांडे आले. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आपल्या एखाद्या वाडीची लोकसंख्या काढून पाहावी, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

दुष्काळातून आलेल्या माणसांत आंधळी पुष्कळ असतात. आज कारण ठाऊक आहे. बरेच दिवस सकस अन्न पोटात गेले नाही, अ जीवनसत्त्व मिळाले नाही, की लहान मुलांच्या बुबुळावर फूल पडते आणि नजर जाते. शिवाय तेव्हा देवीच्या साथी होत्या, आणि त्याही डोळे घेऊन जात. अशा मुलींसाठी रमाबाईंनी बार्तमी सदन काढले. वृद्ध आणि दुर्बळ स्त्रियांसाठी प्रीती सदन, फसवल्या गेलेल्या व समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. जिला कोठेच जागा नाही तिला येथे जागा, असा एकंदर हिशेब होता.

मनोरमाबाई अमेरिकेत शिकून १९०० मध्ये परतल्या होत्या. त्यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली होती आणि त्या अंध मुलींना वाचायला शिकवू लागल्या. ही लिपी फ्रान्समधील लुई ब्रेल या स्वतः अंध असलेल्या शिक्षकाने काढली. सहा उठावदार टिंबांच्या निरनिराळ्या मांडणीतून एकेक अक्षर होते आणि ते बोटाने वाचायचे. हिंदुस्थानात तेव्हा अंधांच्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पहिली १८८७ मध्ये अमृतसरला मिस शार्प यांनी काढली, मुंबईत मिस मिलार्ड यांनी १९०० च्या दुष्काळानंतर काढली. आपल्या भाषांसाठी एकच एक ठरलेली ब्रेलही नव्हती. प्रत्येक मिशन आपापली टिंबे मांडी. सर्व भारतीय भाषांना मिळून भारती ब्रेल ठरली ती स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये. तेव्हा केडगावच्या माळावर दुष्काळातून आलेली, नाव-गाव विसरलेली एखादी पोर बोटाने ओळ चाचपून मराठी वाचते, हे दृश्य त्या काळी किती नवे असेल! डोळे असलेल्या बहुतेक बायकांना तेव्हा वाचता येत नव्हते.

वाचनाबरोबर काम होते. मुक्तीत कोणीही नुसते बसून राहायचे नाही असा शिरस्ता होता. शेती, भाजीपाला, गुरे व दूधदुभते, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, धुलाई, छापखाना अशी कितीतरी खाती होती. अंध मुली टोपल्या विणत, वेताचे काम करीत. त्यांतल्या काही जणी पुढे इतरांना शिकवूही लागल्या. मोठ्या मुलींनी लहानांना सांभाळायचे, जिला डोळे आहेत तिने आंधळीला हात द्यायचा, आंधळीने बाळाला मांडीवर घ्यायचे. घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, घंटेवर प्रार्थना. हे सारे चालवणाऱ्या बाईंना मात्र दिवसेंदिवस कमीच ऐकू येत होते.

आमच्या समाजशास्त्राच्या तासाला यंदा ‘सामाजिक औषधपत्र’ या कल्पनेची चर्चा झाली. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०१९ पासून ही पद्धत देशभर नेली आहे. एकटेपणाने, दीर्घ आजाराने किंवा अपंगत्वाने खचलेल्या माणसाला डॉक्टर नुसत्या गोळ्या लिहून देत नाही. त्याला एका कार्यकर्त्याकडे पाठवतो, आणि तो कार्यकर्ता त्या माणसाला बागकाम करणाऱ्या गटाशी, भजनी मंडळासारख्या गायनाच्या मंडळाशी, विणकामाच्या वर्गाशी जोडून देतो. माणसात नेणे हेच औषध. तास संपल्यावर माझ्या मनात आले, केडगावला तर हे सव्वाशे वर्षांपूर्वी चालू होते. फक्त त्याला नाव नव्हते. टोपली विणणे हा तेथे वेळ घालवण्याचा उद्योग नव्हता. ती टोपली वापरात येत होती. तेल खरोखर लागत होते, कापड अंगावर जात होते. आपल्या हातचे कोणाला तरी लागते, हे कळण्यात मोठी ताकद असते.

पण येथे माझी एक शंकाही आहे, आणि ती लपवून ठेवली तर हा लेख नुसती आरती होईल. मुक्ती हे कुंपणातले गाव होते. आत सर्व होते, पण बाहेरचे गाव बाहेरच राहिले. दुष्काळात उभे राहायला दुसरा मार्गच नव्हता हे मान्य. ज्यांचे घरदारच उरले नाही त्यांना घरी ठेवा असे कोण म्हणणार? परंतु अंध म्हटला की अंधांच्या शाळेत, बहिरा म्हटला की बहिऱ्यांच्या शाळेत, आणि त्या शाळा मुंबई-पुण्याला, अशी जी सवय आपल्याला लागली, तिच्यामुळे ज्यांना तेथवर जाता आले नाही ते घरच्या पडवीत राहून गेले. माझगावला बहिऱ्या-मुक्यांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली होती. माझ्या आतेला शाळेतून परत आणले तेव्हा त्या शाळेला शंभर वर्षे होत आली होती. वेंगुर्ल्याच्या एका वाडीतून माझगाव किती दूर होते, हे मैलांत सांगून कळणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. माझी आते तीत धरली गेली होती की नाही, हे आमच्या घरात कोणालाच आठवत नाही.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांविषयी लिहायचे राहिले. १९०५ च्या सुमारास मुक्तीत मोठे धार्मिक जागरण झाले, त्याची चर्चा पुष्कळ ग्रंथांत आहे. मला त्यापेक्षा त्यांचे दुसरे काम अधिक नवलाचे वाटते. बायबलचे प्रचलित मराठी भाषांतर अवघड आणि संस्कृतप्रचुर आहे, अशिक्षित बायकांना ते कळत नाही, असे त्यांचे मत झाले. मग मूळ ग्रंथ ज्या भाषांत आहे त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा, वय झालेले असताना, त्या शिकल्या आणि सारे बायबल सोप्या मराठीत उतरवण्यास बसल्या. हे काम पंधरा वर्षांहून अधिक चालले. हजारो श्लोक पाठ असलेली पंडिता सोप्या शब्दाच्या शोधात बसली आहे, हे चित्र मला त्यांच्या सर्व पदव्यांपेक्षा मोठे वाटते. कान साथ देत नव्हते, पण या कामाला कान लागत नव्हते. धर्म कोणताही असो, घरातील निरक्षर बाईला कळेल असे लिहावे ही तळमळ आम्हा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना विशेष समजते. कॉलेजात ऐकलेले घरी जाऊन आईला सांगताना आमचीही हीच तारांबळ होते.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीला कडेवर घेऊन रमाबाईंनी सारे आयुष्य काढले, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती, ती चाळिशीतच गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबवले नाही. ते पुरे झाले आणि लगेच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे झोपेतच त्यांचा अंत झाला. १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्या छापखान्यात छापून निघाले. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी ही कामे तेथल्या बायकांनी केली. दुष्काळात विकल्या जायच्या त्याच या बायका. १९८९ मध्ये भारत सरकारने रमाबाईंचे टपाल तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवराला रमाबाईंवरून मेधावी हे नाव आहे, हेही मला याच शोधात कळले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

हे सर्व वाचत असताना आतेकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली. गेली दोन-तीन वर्षे तिला रात्री झोप येत नव्हती, अंग दुखायचे, चार-चार दिवस जेवायची नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या घेऊन ती दिवसाही पडून राहू लागली. गेल्या श्रावणात शेजारच्या बचत गटातल्या बायकांना आबोलीचे वळेसर करायला हात कमी पडत होते. मी आतेला घेऊन गेले. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यात बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या बोटांचा वेग पाहून बायकाच तिच्याभोवती सरकल्या. आता त्यांच्यात आणि तिच्यात खुणांची एक भाषा तयार झाली आहे, जी मलाही पुरती येत नाही. गोळ्या सुटल्या असे मी म्हणणार नाही. पण ती आता संध्याकाळी दारात उभी राहून उद्याच्या फुलांचा हिशेब बोटांवर मोजते. गटाच्या वहीत तिचे नाव लिहिले गेले, आणि त्या नावापुढे ती अंगठा लावते. तिला सही शिकवायला मी घेतली आहे. तिच्या नावातले जोडाक्षर तिला फार छळते.

अपंगत्वाचा दाखला मात्र तिला आजवर कोणी काढून दिला नव्हता. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेले आहेत आणि बहिरेपणा त्यात आहेच. अर्ज मी स्वतः भरला. कानांच्या तपासणीला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावले आहे. वय लिहिताना अडलो, कारण जन्माची नोंद सापडत नाही. तिला शाळेत घालायला नेले ते साल तेवढे आजीच्या सांगण्यावरून पक्के आहे, त्यातून सहा वजा करून लिहिले. येत्या मंगळवारी पहिल्या गाडीने आम्ही दोघी निघणार आहोत.